रुखवतातला आमरस

लातूर,
१६ जानेवारी २०२६

गुरम्माअक्कांस,

शरणार्थी. हा नमस्काराचा शब्द सवयीनं आला, मनातून आला असं समजू नका.

फोनच केला असता, पण माझा नंबर तुम्ही ब्लॉक करून ठेवलाय. घरच्या ग्रुपमधूनही काढून टाकलंत. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. थोरल्या नणंदेला लिहिताना आधी खुशाली विचारावी अशी रीत आहे. तुमची खुशाली मला विचारायची नाही.

मला एवढंच विचारायचंय, की डब्यातला आमरस किती वर्षं टिकतो?

हसू नका. भोगीच्या आधी माळा आवरायला काढला. तुमचा भाऊ शिडी धरून खाली उभा आणि मी वर. जुन्या मिक्सरच्या खोक्यामागं एक पिशवी सापडली. मरून रंगाची, तुमच्या नांदेडच्या घराच्या घरभरणीची, तारखेसकट छापलेली. त्या दिवशी मी तुमच्या दारातून रडत निघाले तेव्हा तुम्हीच ती माझ्या हातात कोंबली होती. भरल्या मांडवात मला नाही नाही ते बोललात, पण सवाष्ण रिकाम्या ओटीनं गेली तर नव्या घराला बाधेल, ही काळजी तुम्हाला होतीच! खण, नारळ, तांदूळ, आणि वर हाताला आले ते उरलेले दोन आमरसाचे डबे. घरी येऊन मी ती पिशवी माळ्यावर भिरकावली आणि आठ वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही.

तांदळात पोरकिडे झालेत आणि नारळ वाळून खुळखुळा झालाय. डबे मात्र आहेत. एक अजून गुळगुळीत आहे. दुसरा वरून-खालून फुगलाय आणि त्याच्या शिवणीवर तांबूस गंज चढलाय. दोन्हींभोवती सोनेरी लेस, मोत्याच्या टिकल्या, आणि चमकीनं लिहिलेलं 'वीरेश–वर्षाराणी'.

म्हणजे हे तुमच्या सुनेच्या रुखवतातले. मला तो मनोरा चांगला आठवतो, आमरसाच्या डब्यांचा, वर नारळाची बाहुली. लग्नानंतर तुम्ही तो जसाच्या तसा शोकेसमध्ये मांडलात. रुखवत बघायचं असतं, खायचं नसतं, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. मग घरभरणीला माणसं जास्त झाली आणि शोकेस उघडलं.

काल मी नखानं ती लेस सोलली. लेसखाली तारीख निघाली, जून २०१५ पर्यंत वापरावा अशी. आणि तुमची घरभरणी फेब्रुवारी २०१८ ची. तीच तारीख पिशवीवर आहे.

त्या दिवशी बासुंदी माझी होती आणि आमरस तुमचा. पंगत उठते न उठते तोच माणसं ओकायला लागली आणि तुम्ही मांडवाच्या मधोमध उभं राहून ओरडलात, "शिवगंगेच्या बासुंदीनं घात केला!" तेव्हापासून मी घसा फोडून सांगतेय. तुमच्या यजमानांना, दाजींना, आंबा बाधतो, ते आमरसाला शिवत नाहीत. त्यांनी माझ्या बासुंदीच्या तीन वाट्या ओरपल्या आणि ढेकर देऊन झोपले. नागप्पाकाका दुधाचा थेंब घेत नाहीत, त्यांनी नुसता आमरस खाल्ला, आणि पहिली उलटी त्यांची. पण ऐकतो कोण? तुमचा आवाज मोठा आणि मी धाकट्या भावाची बायको.

माझी सृष्टी अन्नप्रक्रियेचं शिकते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिला डबे दाखवले. ती म्हणाली, "आई, फुगलेला डबा म्हणजे जिता बॉम्ब. उघडायचा न्हाई, चाखायचा न्हाई, वाससुद्धा घ्यायचा न्हाई." मी विचारलं, आणि हा धड दिसतो तो? ती म्हणाली, आंबट फळाचा रस वर्षानुवर्षं आतून पत्रा खात बसतो. बाहेरून डबा नवा दिसतो, रसाला वासही चांगला येतो, आणि खाणारा तासाभरात आडवा होतो. हे सगळं तुमच्या अंगणात घडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर सांगा अक्का, खाऊ का? तुमच्याच घरचा आहे. तुमचं उत्तर आलं की वाटी काढते.

शिवगंगा


लातूर,
२७ जानेवारी २०२६

गुरम्माअक्कांस,

उत्तर नाही. नसणारच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बातमी मात्र आली. वर्षाराणीला सातवा लागला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तुमच्या घरात पाळणा हलणार. वर्षाराणीसाठी मला मनापासून आनंद झालाय, आणि तो तुमच्या वाट्याला येतो याचं मनापासून वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे. आठ फेब्रुवारीला डोहाळजेवण, आणि बोलावणं फक्त तुमच्या भावाला. "शिवगंगेनं येऊ नये, शुभकार्य आहे," असा निरोप तुम्ही त्यांच्याच तोंडून मला दिलात. ते निरोप सांगताना खाली बघत होते.

अक्का, तुम्ही माझं काय नेलंत ते तुम्हाला कळलं नाही, की कळूनच नेलंत? लातुरात लग्न कुणाचंही असो, पुरणपोळ्या आणि बासुंदी माझ्याकडून जायची. घरभरणीनंतर गंजगोलाईच्या बाजारात बायका मला बघून रस्त्याची बाजू बदलायला लागल्या. समाजाच्या कार्यक्रमात मी वाढायला उभी राहिले की पुढची ताटं पटापटा झाकली जायची. तेही गिळलं. पण सासूबाईंचं मी गिळलेलं नाही. तुमच्या आईचं. शेवटच्या आजारपणात त्या तुमच्याकडे होत्या. जीभ जड झाली होती, तरी त्यांनी तुमच्या भावाला हातानं खूण करून सांगितलं, की गंगीची बासुंदी आण. मी आटवून डबा दिला. यांनी तो तुमच्या दाराशी आणला, आणि तुम्ही तो मोरीत ओतलात. "मरणाऱ्या माणसाला तरी सुखानं मरू दे," म्हणालात. त्या गेल्या, आणि त्यांच्या तोंडाला माझ्या हातचा घास लागला नाही. मला माझ्या हाताचं नाव परत पाहिजे. आणि ते तुमच्याच तोंडून पाहिजे, चार माणसांत, जसं गेलं तसं.

म्हणून ऐका, मी काय केलंय. तुमचा भाऊ आज डोहाळजेवणाचा आहेर घेऊन नांदेडला निघालाय. हिरवी साडी, बांगड्या, आणि एक आमरसाचा डबा. तोच. तो गुळगुळीत दिसणारा. त्याला मी नवा हिरवा खण गुंडाळलाय, नवी लेस, नवे मोती. असा नटवलाय की तुमच्या शोकेसला भुरळ पडावी. तुमच्या भावाला यातलं काही ठाऊक नाही, त्यांना बोलू नका.

तो उघडायचा नाही, हे तुम्हाला आता कळलंच. शोकेसमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, तुमच्या घरची रीत आहे. मी आठ तारखेला न बोलावता येतेय. सगळ्या बायका जमल्या की तुमच्यादेखत त्याचा खण सोडीन आणि तारीख वाचायला लावीन. तोवर तुमची झोप उडावी म्हणून मुद्दाम आधी कळवतेय. रोज येता-जाता त्या डब्याकडे बघा. मी आठ वर्षं अशीच झोपलेय.

शिवगंगा


लोहा बसस्थानक,
८ फेब्रुवारी २०२६

अक्का,

गाडी इथं बंद पडलीय. दुसरी येतेय म्हणतात. मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लागलं तर लावून घ्या. हे पत्र मी तुमच्या हातात देणार आहे आणि आधीची दोन्हीही. कारण ती तुम्ही वाचलीच नाहीत.

काल दुपारी पोस्टमन आला आणि माझीच दोन पाकिटं माझ्या हातात ठेवली. वर शिक्का, 'घेण्यास नकार'. तुम्ही पाकिटावरचं माझं नाव बघून परत केलीत. मी दारातच बसले. तुमचा भाऊ आतून म्हणाला, "अगं, सांगायचंच राहिलं. वर्षाराणीला आंब्याचे डोहाळे लागलेत. माघात आंबा कुठून आणायचा? अक्का सकाळी फोनवर म्हणली, बरं झालं शिवगंगेनं रसाचा डबा धाडला. तिच्या हातचं थोडंच हाय, कंपनीचं हाय. उद्या ओटीच्या वेळी काढू."

अक्का, त्यानंतर मी काय काय केलं ते ऐका. यांना सगळं सांगितलं. ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारून थांबले. त्यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात? "तिला कार्यक्रम मोडायचा हाय. तिचं एक अक्षर ऐकायचं न्हाई." आणि ठेवलात. वीरेशला लावला. तो मंडपवाल्याशी भांडत होता. "बघतो मामा," म्हणाला, आणि त्याचं बघणं मी लहानपणापासून बघतेय. वर्षाराणीचा मोबाइल तुमच्या कपाटात. पोटुशीनं मोबाइल बघू नये म्हणून तुम्ही तो काढून घेतलाय.

मग मी सकाळची पहिली गाडी धरली. हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, नको, जे मी बांधलं ते मीच सोडवीन.

तुमचा मला अजून तितकाच राग आहे. तुम्ही पाकीट फोडून एक ओळ वाचली असती तर मी इथं धूळ खात बसले नसते. पण लेस मी लावली. तारीख मी झाकली. तुमच्या घरात जे झालं तेच माझ्या हातानं झालं, आणि या वेळी खाणारी ती पोर आहे, जिनं बारा वर्षं वाट बघितली. तिला काही झालं, तर तुम्ही आठ वर्षं माझ्याबद्दल जे सांगत आलात ते खरं ठरेल. हे मी होऊ देणार नाही. तुमच्यासाठी नाही. माझ्या हातासाठी आणि तिच्या पोटासाठी.

फुगलेला डबा चार फडक्यांत गुंडाळून पिशवीत घेतलाय. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, पण पत्र्यावरच्या आकड्यावर ठेवावा लागेल.

गाडी आली.


लातूर,
११ फेब्रुवारी २०२६

गुरम्माअक्कांस,

हे पत्र तुम्ही परत पाठवणार नाही. पोस्टानं पाठवतच नाही, तुमच्या भावाच्या हाती देतेय, आणि ते तुमच्यासमोर बसून राहतील.

तीन दिवसांपूर्वी जे झालं ते तुम्ही लोकांना कसं सांगाल, याचा मला अंदाज आहे. म्हणून घडलं तसं लिहून देते. यातली एक ओळ जरी खोटी असली तरी मला फोन करून सांगा. अरेच्चा, नंबर ब्लॉक आहे, नाही का?

मी चपला न काढता आत आले. वर्षाराणी फुलांच्या कमानीखाली, अंगावर मी पाठवलेली हिरवी साडी. मांडीवर फळं, पुढं चांदीची वाटी. तुमचा हात चमच्यासकट तिच्या तोंडाशी. मी ओरडले, "वर्षाराणी, तोंड उघडू नको!"

चमचा थांबला. तुम्ही वळून म्हणालात, "आलीस का? आठ वर्सं तोंड दाखवलं न्हाईस, अन् आज माझ्या सुनेच्या घासाला आडवी आलीस?"

मी म्हटलं, "घास मीच धाडलाय अक्का. म्हणून आडवी आले."

मी वाटी उचलून बाजूला केली आणि पिशवीतला फुगलेला डबा तिथंच फुलांत ठेवला. शेजारच्या साखराबाईंनी चष्मा लावून तारीख मोठ्यानं वाचली. दोन्ही डबे एकाच मनोऱ्यातले, हेही मी सांगितलं. मग तुम्ही टाळी वाजवलीत. खरंच वाजवलीत. "ऐकलं का समद्यांनी? हिनं कबूल केलं! पोटुशीला ईष धाडलं हिनं!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, अगदी घरभरणीच्या दिवशी बघत होत्या तशाच. अक्का, तेव्हा मी हरले होते. कारण आठ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याबद्दल खरं बोलत होता. आणखी घटकाभर कुणी काही बोललं नसतं, तर मी मान खाली घालून निघून गेले असते आणि पुन्हा कधी चुलीपुढं उभी राहिले नसते.

वर्षाराणी बोलली. मांडीवरची फळं खाली ठेवून उठली आणि त्या डब्यावरच्या मोत्यांना बोट लावलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, ही लेस माझ्या आईनं लावलेली. घरभरणीच्या सकाळी मी अशाच एका डब्याची लेस सोलून तारीख बघितली होती. तुम्हाला आणून दाखवली होती. तुम्ही काय म्हणला होता?"

तुम्ही म्हणालात, "गप बस. डोळे फिरून राहिलेत तुझे. बस खाली."

"तुम्ही म्हणला होता, रुखवताचं कधी शिळं होत न्हाई. सुनेनं तोंड मिटून ऱ्हावं. मी मिटलं. मामींचं वाटोळं झालं तरी मिटलं. आज तुम्ही तोच रस माझ्या तोंडात घालून राहिला होता."

मला तेव्हा समजलं. अक्का, मला इतकी वर्षं वाटायचं की तुमची चूक झाली. आमरस खराब आहे हे तुम्हाला कळलं नाही, घाबरलात, आणि हाताशी होते म्हणून मला पुढं ढकललंत. तुम्हाला पंगत बसायच्या आधीपासून ठाऊक होतं. माणसं ओकत होती तेव्हाही ठाऊक होतं. आईचा डबा मोरीत ओततानाही ठाऊक होतं.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. एकदाही नाही. पदरानं नुसतं तोंड पुसत राहिलात, हे सगळ्यांनी पाहिलंय.

साखराबाईच आधी बोलल्या. "म्हंजे मला सलाईन लागलं ते ह्या रसानं? अन् मी ह्या बाईच्या हातचं पाणी घेतलं न्हाई इतकी वर्सं?" दाजी दारातून म्हणाले, "मी तर तवाच म्हणलो होतो." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही काही म्हणाला नव्हता. तीन वाट्या खाऊन झोपला होता." ते हातातली टोपी चुरगाळत उभे राहिले.

मग वर्षाराणी म्हणाली, "मामी, मला भूक लागलीय. तुमची बासुंदी पाहिजे."

मी तुमच्या स्वयंपाकघरात गेले. तुमच्या पातेल्यात, तुमच्या दुधाची बासुंदी आटवली. साखरेचा डबा सापडेना तेव्हा मी हाक मारली, "अक्का, साखर द्या," आणि तुम्ही येऊन दिलीत. दूध आटायला लागतो तेवढा वेळ लागला. एकही बाई उठून गेली नाही. पहिली वाटी वर्षाराणीनं खाल्ली, दुसरी साखराबाईंनी, मग सगळ्यांनी. तुमच्यापुढं ठेवलेल्या वाटीला तुम्ही हात लावला नाहीत. तिच्यावर साय धरली तरी ती तशीच होती.

तुम्हाला वाटलं, झाली फजिती, आता ही शांत होईल. नाही हो. एका खोलीतल्या बायकांपुढं जे कळलं ते लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड, जिथं जिथं तुम्ही माझं नाव नेलंत, तिथं तिथं कळायला पाहिजे. आणि ते तुम्ही सांगायचं. नागप्पाकाकांपासून सुरुवात करा.

तुम्ही ते राजीखुशीनं करणार नाही. म्हणून शेवटचं सांगते. तो फुगलेला डबा आठवतोय? कार्यक्रम संपल्यावर तो कुणाला दिसला नाही. मी घेऊन गेले असं तुम्हाला वाटलं असेल. पण निघताना माझी ओटी साखराबाईंनी भरली, त्यांना विचारा, माझी पिशवी रिकामी होती.

डबा तुमच्याकडेच आहे, अक्का. घर मोठं आहे, तीन माळे, दोन शोकेस, पलंगाखाली ट्रंका. सृष्टी म्हणते, उन्हाळ्यात असा डबा फुटला की घाण भिंतीत मुरते आणि चुना काढला तरी वास जात नाही. नांदेडला चैत्रापासून कसं तापतं ते मी काय सांगू? वर्षाराणी बाळंतपणाला उदगीरला माहेरी गेली, म्हणून मला तिची चिंता नाही. तुमची तर कधीच नव्हती.

शोधा. सापडला नाही तर मला विचारा. आधी नंबर उघडा, मग नातेवाइकांना फोन लावा, आणि मग मला. जागा मी सांगीन.

शिवगंगा


लातूर,
२० मार्च २०२६

चि. वर्षाराणीस,

अनेक आशीर्वाद. तब्येत जप. उदगीरचं ऊन कमी नाही, दुपारची बाहेर पडू नको. सोबत शेंगापोळ्या पाठवतेय, तुझ्या आईलाही दे. त्यांच्या हातची लेस इतकी पक्की होती म्हणून तारीख टिकली, हे त्यांना सांग. त्या रागावणार नाहीत.

तुझ्या सासूबाईंनी शिवरात्रीच्या दिवशीच माझा नंबर उघडला. नागप्पाकाकांचा मला फोन आला. "पोरी, गुरम्मा म्हणली, रस माझा खराब होता. पुन्हा एकदा म्हणायला लावलं मी तिला, कान कमी ऐकू येतो म्हणून," असं म्हणून ते बराच वेळ हसत होते. मग उदगीरहून फोन, मग अहमदपूरहून. काल पाडव्याला तिघींनी बासुंदीची ऑर्डर दिली. पातेलं खाली काढलं, घासलं, आणि मोरीपाशी बसून रडले. सासूबाई असत्या तर पहिली वाटी त्यांची.

तुझ्या सासूबाईंना मी माफ केलेलं नाही. तू मला ते सांगू नको. तुझी गोष्ट वेगळी. तू तोंड मिटून राहिलीस याचाही मला राग आला होता, पण तू ते वेळेवर उघडलंस. माझा धाडलेला घासही तुझ्या तोंडापर्यंत आला होता. आपली फिटंफाट झाली.

तू विचारलंस, मामी, तो डबा खरंच घरात आहे का? बाळ घेऊन मला तिथंच जायचंय.

घरात नाही, पोरी. मी बासुंदी आटवत होते तेव्हा दाजी मागच्या दारात उभे होते. तो डबा फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, गावाबाहेर तुमच्या पडीक रानात खोल पुरून या. ते संध्याकाळच्या आत पुरून आले. मी म्हटलं, "दाजी, आठ वर्षं गप्प राहायची सवय तुम्हाला आहेच. आता थोडे दिवस माझ्यासाठी गप्प राहा." ते लगेच हो म्हणाले.

अक्कांचा मला रोज फोन येतो. "आता तरी सांग, कुठं हाय?" मी म्हणते, बारशाला येईन तेव्हा बोटानं दाखवीन. पहिला माळा झाला त्यांचा, दुसरा चाललाय. दाजी सांगत होते, रोज सकाळी अक्का वर चढतात, आणि ते खाली शिडी धरून उभे राहतात.

तुझी मामी,
शिवगंगा